बांगड्या राहिल्या, सातबाराही राहून गेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवऱ्याच्या अंत्यविधीला बायकोचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे आमच्याकडे होणार नाही. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. पुढे अनेक गावांनी ठराव केले. विधवांना हळदीकुंकवाला मानाने बसवल्याचे फोटो आजही अधूनमधून छापून येतात. चांगलेच आहे. मनगटावरच बांगडी फोडली की काच रुतते, एवढे कबूल करायला आपल्याला २०२२ साल उजाडावे लागले.

तक्रार वेगळी आहे. हा ठराव तेराव्यापर्यंत बाईच्या सोबत असतो, चौदाव्या दिवसापासून ती एकटी. कपाळावर कुंकू आहे, हातात बांगड्या आहेत, आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर, घरपट्टी नवऱ्याच्या नावावर, वीजबिल, मोटरसायकल, मोबाइल सगळे त्याच्याच नावावर. पाच-पाच, दहा-दहा वर्षे घर गेलेल्या माणसाच्या नावाने चालते. दर बिलावर त्याचे नाव वाचायचे आणि दर खिडकीवर ‘मालकांना पाठवा’ ऐकायचे. दुःखातून कसे बाहेर यावे हे कुणी कुणाला शिकवू नये. पण या कागदांनी तिला तिथेच बांधून ठेवले असेल तर ती गाठ सोडवता येते, आणि ती सोडवायला मुदती असतात. त्या मुदती नेमक्या सुतकाच्या दिवसांतच सुरू होतात.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. २१ ते ३० दिवसांत थोडे विलंब शुल्क पडते. ३० दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले की प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर जाते. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. माणूस मिरजेच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला तिथल्या महापालिकेत मिळतो, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. यात हेलपाटे फार होतात. दाखल्यावरचे नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आधारवर ‘बाळासाहेब’ आणि दाखल्यावर घरातले ‘बाळू’ असले की पुढचा प्रत्येक दावा त्या एका शब्दावर अडतो. नोंद करताना आधारची झेरॉक्स हातात असावी आणि दाखला मिळाला की तिथेच उभे राहून नाव, वडिलांचे नाव आणि तारीख वाचावी. प्रती किमान आठ घ्याव्यात. बँक, विमा, तलाठी, तहसील, गॅस, आरटीओ, सगळे एक-एक मागतात.

दुसरी गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण लिहिलीच पाहिजे. विहिरीत पडून, साप चावून, विजेच्या धक्क्याने, ट्रॅक्टर उलटून माणूस गेला की घरचे म्हणतात, ‘आता चिरफाड कशाला? देह तरी धड जाऊ दे.’ भावना समजते. पण शवविच्छेदन नाही, पोलिसांत खबर नाही, पंचनामा नाही, म्हणजे अपघात झाला याला पुरावाच नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. वयाची अट १० ते ७५ वर्षे आहे आणि सातबारावर नाव नसलेल्या घरातल्या एका माणसालाही यात संरक्षण आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत करायचा. शवविच्छेदन अहवाल नसेल तर हा दावा बहुतेक वेळा तिथेच संपतो. त्या दिवशी नातेवाइकांपैकी एकाने भान ठेवून पोलीस पाटलाला फोन केला, तर पुढे तिचे दोन लाख वाचतात. रस्त्यावरच्या अपघातात तर हे आणखी गरजेचे. मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तरी मृताच्या वारसांना २ लाख रुपये भरपाईची तरतूद आहे, पण त्यालाही आधार पोलिसांच्या कागदांचाच.

तिसरी गोष्ट मोबाइलची. तेराव्याच्या आधीच कुणीतरी शहाणा भाऊ सिमकार्ड काढून ठेवतो, नाहीतर दीर फोन वापरायला घेतो. तसे करू नये. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, गॅस सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. कोणाकोणाचे देणे-घेणे राहिले ते त्यातल्या संदेशांत असते. ९० दिवस वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि मग तो दुसऱ्याला जातो, म्हणून लहानसे रिचार्ज मारून नंबर जिवंत ठेवावा आणि मृत्यूचा दाखला देऊन पुढे तो बायकोच्या नावावर करून घ्यावा. मात्र त्याच फोनवरून त्याच्या खात्यातले पैसे पाठवणे किंवा त्याच्या एटीएमने पैसे काढणे टाळावे. हेतू चांगला असला तरी उद्या वारसांत भांडण लागले की पहिला आरोप त्यावरूनच होतो.

नंतर पासबुक. ते भरून आणावे आणि दरवर्षी मे-जूनच्या नोंदी बघाव्यात. ४३६ रुपये कापले असतील तर तो जीवन ज्योती विमा आहे, मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख. २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. जून २०२२ च्या आधी याच रकमा ३३० आणि १२ अशा दिसतात. कित्येक खात्यांत हे हप्ते वर्षानुवर्षे कापले जातात आणि घरात कुणाला माहीत नसते. दावा त्याच बँकेत करायचा, शक्य तो ३० दिवसांच्या आत. नवरा साखर कारखान्यात किंवा एमआयडीसीत कामाला होता तर भविष्य निर्वाह निधीचे तीन वेगळे हक्क आहेत: साठलेली रक्कम, विधवा निवृत्तिवेतन आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास ७ लाखांपर्यंतचा ठेव-संलग्न विमा. कंपनीचा कारकून बऱ्याचदा पहिल्याचाच अर्ज पुढे करतो. फॉर्म २०, फॉर्म १०-डी आणि फॉर्म ५-आयएफ अशी तिन्ही नावे घेऊन मागावे. नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल तर कल्याणकारी मंडळाकडून नैसर्गिक मृत्यूला २ लाख, कामावरच्या मृत्यूला ५ लाख आणि पत्नीला पाच वर्षे वर्षाला २४ हजार रुपये अशी तरतूद आहे. अट एकच, त्याची नोंदणी जिवंत असली पाहिजे. तिचे नूतनीकरण दरवर्षी राहून जाते आणि तिथेच घात होतो.

आता सातबारा. गडबड इथेच सगळ्यांत जास्त होते आणि मुद्दाम होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत हक्काची खबर तलाठ्याला द्यायची असते. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच. अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि ८-अ, सगळ्या वारसांची नावे असलेले शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, रेशनकार्ड आणि आधार. आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार म्हणजे सातबारावरचे नाव बदलण्याची नोंद पडते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कुणी हरकत घेतली नाही तर हे काम महिना-दीड महिन्यात उरकायला हवे. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली. मोहीम काढावी लागली, यावरूनच किती उतारे मेलेल्या माणसांच्या नावावर होते ते कळते.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (तो जैन, बौद्ध आणि शिखांनाही लागू आहे) मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, वाटा सारखा. त्याच्या स्वतःच्या कमाईची तीन एकर जमीन आहे आणि मागे बायको, दोन मुले आणि आई आहे, तर १२० गुंठ्यांचे चार भाग, प्रत्येकी ३० गुंठे. सासू वारस आहे हे सुनेनेही विसरू नये. बहुतेक घरांत तीही विधवाच असते आणि तिचा वाटा तिच्या वेळी कुणी लावलेला नसतो. सासऱ्यांचा यात पहिल्या वर्गात वाटा नाही, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. जमीन वडिलोपार्जित आणि एकत्र असेल, किंवा अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल, तर हिशेब वेगळा होतो. तिथे तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समितीचा मोफत वकील गाठावा. स्त्रियांना तो उत्पन्नाची अट न लावता मिळतो.

फसवणूक कशी होते तेही सांगते. एक, अर्जात बायकोचे आणि मुलींचे नावच लिहीत नाहीत, फक्त भावाची आणि मुलाची नावे जातात. दोन, नाव लागते पण कब्जेदाराच्या म्हणजे मालकाच्या जागी न लागता ‘इतर हक्क’ या रकान्यात. ‘नाव आले की वहिनी’ म्हणून उतारा दाखवतात आणि तिलाही आपले नाव दिसते. पण इतर हक्कातल्या नावाला ना पीककर्ज मिळते, ना पीकविमा, ना पीएम किसानचा हप्ता. उतारा हातात आला की नाव कोणत्या रकान्यात आहे ते बघावे. तीन, मुले लहान असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे नाव लागले पाहिजे. तिथे चुलत्याचे नाव लागले असेल तर हरकत लगेच घ्यावी, मुले अठराची होईपर्यंत थांबू नये. अज्ञान मुलाच्या वाट्याची जमीन पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हेही ध्यानात असावे.

आणि चौथी, सगळ्यांत वाईट गोष्ट हक्कसोडपत्राची. दहाव्याला किंवा तेराव्याला, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, ‘वहिनी, वारसाची नोंद करायचीय, इथे सह्या करा’ म्हणून कागद पुढे येतो. वारसाच्या अर्जाला दुय्यम निबंधकाकडे जावे लागत नाही. तुम्हाला निबंधक कार्यालयात नेत असतील, अंगठे घेत असतील, कॅमेऱ्यासमोर बसवत असतील, तर ती वारसाची नोंद नव्हे, काहीतरी देऊन टाकणे चालले आहे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागे फिरवायला दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत जावे लागते. म्हणून पहिले सहा महिने तरी कोणत्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, माहेरच्यांनी आणला तरी. माहेरचे सगळे धुतल्या तांदळासारखे असतात असा कुणाचा समज असेल तर त्याने एकदा विम्याच्या पैशांचे काय झाले ते विचारावे.

घराचा उतारा वेगळा असतो. शेतीचा ८-अ तलाठ्याकडे आणि घराचा नमुना ८ ग्रामपंचायतीत. शेत नावावर झाले की घरही झाले असे समजून लोक थांबतात. घराच्या वारस नोंदीसाठी ग्रामपंचायतीत स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो. बँकेत वारसनोंद म्हणजे नॉमिनी असेल तर पैसे लवकर सुटतात, पण नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक होत नाही. लग्नाआधी उघडलेल्या खात्यात आई किंवा भाऊ नॉमिनी राहून गेलेला असतो आणि ‘पैसे माझ्या नावाने आले’ म्हणून तो ठेवून घेतो. बँकेतल्या रकमेवर वारसांचा वाटा कायम असतो, मागता येतो.

रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून १८ वर्षांवरील स्त्रीचे नाव असावे, असे अन्न सुरक्षा कायद्यातच २०१३ पासून आहे. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये तहसील कार्यालयातून मिळतात. त्याला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दोन दिवस आड खुरपायला गेलेली बाईसुद्धा प्रामाणिकपणे या अटीत बसत नाही. खोटा दाखला काढणारी बसते आणि खरे सांगणारी बाहेर राहते. ही मर्यादा बदलली पाहिजे, नुसते अनुदान वाढवून भागणार नाही. निराधारचे १,५०० आणि लाडकी बहीणचे १,५०० एकत्र मिळत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे अर्ज टाकून नंतर वसुलीच्या नोटिसा ओढवून घेऊ नयेत.

आता देणेकऱ्यांकडे वळते. तेराव्याच्या मांडवात कुणीतरी हळूच सांगतो, ‘दादांकडे माझे चाळीस हजार होते.’ कदाचित असतीलही. पण बायको नवऱ्याच्या कर्जाला स्वतःच्या खिशातून जबाबदार नसते. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तिने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून शब्द देऊ नये. ‘कागद दाखवा, वर्षश्राद्धानंतर बघू’ एवढेच म्हणावे. गृहकर्ज, ट्रॅक्टरचे कर्ज, बचत गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज यांच्या हप्त्यात बहुतेकदा कर्जविमा जोडलेला असतो. मृत्यू कळवला की उरलेले कर्ज त्यातून भागू शकते. न कळवता ती मजुरीतून हप्ते भरत राहते आणि वसुलीवाला ते घेत राहतो. कर्जाच्या मंजुरीपत्रात ‘विमा’ हा शब्द शोधावा.

पैसे आले की मागणारेही येतात. दिराला गाळा काढायचा असतो, भाच्याची फी भरायची असते. इथे साधा उपाय पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा. समजा २ लाख आले. ५० हजार बचत खात्यात ठेवून दीड लाख या योजनेत टाकले तर ७.४ टक्के दराने महिन्याला ९२५ रुपये येतात. रक्कम फार नाही. पण ही ठेव पहिल्या वर्षात मोडताच येत नाही, आणि तिची खरी सोय हीच आहे. ‘पोस्टात अडकलेत, वर्षभर निघत नाहीत’ हे वाक्य नाही म्हणण्यापेक्षा सोपे जाते. पुढे तीन वर्षांच्या आत मोडली तर २ टक्के कापतात, त्यानंतर १ टक्का.

अंगणातल्या मोटरसायकलबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. जवळजवळ प्रत्येक घरात ती असते, ताडपत्रीखाली, भिंतीला टेकून. विकवत नाही, चालवता येत नाही. न वापरता ठेवली की दोन-तीन महिन्यांत बॅटरी बसते. टाकीतले पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटर चिकटतो, टाकीला आतून गंज धरतो, टायर एकाच जागी दबून चिरतात. वर्षाने विकायला काढली तर भंगारवाला भाव सांगतो. म्हणजे आठवण म्हणून ठेवलेली वस्तूही हातची जाते आणि तिचे पैसेही. ठेवायचीच असेल तर मधल्या स्टँडवर उभी करावी आणि आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे चालू करावी. नाहीतर सरळ निर्णय घ्यावा.

निर्णयालाही वाट आहे. मालकाच्या मृत्यूची खबर ३० दिवसांत आरटीओला दिली तर वारसाला मृत्यूपासून तीन महिने गाडी वापरता येते आणि त्याच काळात फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्यावर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवायचा. गाडी तिच्या नावावर आली की मगच फॉर्म २९ आणि ३० वर विकायची. हे सोडून गावात काय चालते, तर मेलेल्या माणसाच्या नावाची गाडी शंभराच्या स्टँपवर विकतात. पुढे त्या गाडीने कुणाला उडवले की नोटीस नोंदणीकृत मालकाच्या घरी येते, म्हणजे तिच्याच दारात. विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून जुनी विनागिअरची स्कूटर येते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, तो निघाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. विनागिअरचा परवाना असेल तर त्यावर नवऱ्याची गिअरची मोटरसायकल चालवता येत नाही, हे आधीच लक्षात ठेवावे. तहसील बारा किलोमीटरवर, एसटी दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक कामाला दिराची मिनतवारी, अशा घरात स्कूटर येणे याचा अर्थ फार मोठा असतो. वरच्या सगळ्या कागदांच्या मागे ती एकटी जाऊ शकते.

ती एकटी जायला लागली की मग गाव बोलते. ‘अजून वर्ष नाही झाले, आणि ही गाडीवर हिंडतीय.’ या बोलण्याला शास्त्राचाही आधार नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले, की शोक एका सरळ रेषेत पायऱ्या चढत जात नाही. माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो: कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या कामांकडे. सकाळी त्याच्या शर्टाला तोंड लावून रडलेली बाई दुपारी तहसीलच्या रांगेत भांडते आणि संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेताना हसते. तिन्ही खरे असते. यातले एक टोक बंद करून टाकले की बिघडते. सतत कामात बुडवून रडूच दिले नाही तरी, आणि कोपऱ्यात बसवून कामच करू दिले नाही तरी. आपल्या रूढीने दुसरे केले. नव्या उत्साही मंडळींकडून कधीकधी पहिले होते. सहा महिने ते वर्ष उलटूनही झोप नाही, जेवण नाही, रोजचे व्यवहार ठप्प, जगण्यात अर्थ नाही असे सतत वाटते, तर ते निव्वळ दुःख समजून सोडू नये. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला तर मात्र सहा महिने मोजत बसू नये, त्याच दिवशी फोन करावा आणि तिला एकटी ठेवू नये.

त्याचे कपडे तेराव्यालाच वाटून टाकण्याची घाई करू नये. दोन-तीन कपडे तिला हवे तितके दिवस राहू द्यावेत. शेतीची विक्री, गाव सोडणे, मोठी उसनवारी हे निर्णय वर्षभर लांबवले तर बहुतेक वेळा फायदाच होतो. दाखले आणि दावे मात्र एक दिवसही लांबवू नयेत. नेमके याच्या उलट घडताना दिसते, कपडे आणि जमीन पहिल्या महिन्यात जाते आणि दाखला तीन वर्षांनी काढतात.

कुंकवाविषयी एवढेच, की लावायचे की नाही हे तिचे तिने ठरवावे. एके काळी जबरदस्तीने पुसले, आता व्यासपीठावर बोलावून कॅमेऱ्यासमोर जबरदस्तीने लावतात. तिला विचारायचे दोन्हीकडे राहून जाते. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव सरकारदरबारी निघाला होता आणि टीका झाल्यावर बारगळला. नाव काय द्यायचे यावर आपण जितके बोलतो तितके नाव कोणत्या रकान्यात आहे यावर बोलत नाही.

पुनर्विवाहाची भीती घालूनही जमीन सोडायला लावतात. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात खरोखरच तशी अट होती: दुसरे लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. १९५६ च्या वारसा कायद्यानुसार नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी बायकोला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा होतो आणि पुढे तिने लग्न केले तरी तो काढून घेता येत नाही. भविष्य निर्वाह निधीतले विधवा निवृत्तिवेतन मात्र पुनर्विवाहानंतर तिला बंद होते, मुलांचे हक्क राहतात. त्यामुळे लग्नाचा विचार असेल तर हा हिशेब आधी मांडावा. जमिनीच्या धाकाने कुणी अडवत असेल तर त्याला कायद्याचे साल विचारावे.

हे सगळे प्रत्येक बाईने एकटीने शिकावे अशी अपेक्षा नाही, आणि त्यासाठी नवी योजनाही नको. ग्रामपंचायत अधिकारी हेच गावचे जन्म-मृत्यू निबंधक असतात. गावात झालेल्या मृत्यूंची यादी त्यांच्याच कपाटात असते आणि ६-क ची नोंदवही तलाठ्याकडे. बाहेरगावी दवाखान्यात गेलेल्यांची नावे आशाताईंना आणि पोलीस पाटलांना ठाऊक असतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ज्या गावांनी प्रथाबंदीचा ठराव केला आहे, त्यांनी त्या सभेत दर वेळी एकच विषय ठेवावा: मागच्या सभेपासून गावात कोण गेले, त्यांच्यापैकी किती जणांचा वारस फेरफार प्रमाणित झाला, आणि बायकोचे नाव कब्जेदारात लागले की इतर हक्कात. दोन नोंदवह्या शेजारी ठेवून वाचायला अर्धा तास पुरतो. ज्या नावापुढे रकाना रिकामा निघेल, त्या घरी दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन कोण जाणार, त्याचे नाव इतिवृत्तात लिहावे.

आपली,
एक वाचक, जि. सांगली